बोटांच्या टोकावरची भाषा

[मोबाइल फोन आणि समाजमाध्यमे यांच्यामुळे आपले रोजचे बोलणे व लिहिणे कसे बदलत आहे, ते या पाठात सांगितले आहे. नवे शब्द भाषेत कसे रुजतात, लिहिण्याचे साधन बदलले की लिपीचे काय होते आणि आपण कोणती काळजी घ्यावी, हे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांतील उदाहरणांवरून समजून घ्या.]



तुम्ही घरी उर्दू बोलता. शाळेत उर्दूतून शिकता. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात मराठी ऐकता आणि बोलताही. आता पुढील वाक्ये वाचा.

‘मी तुला लिंक फॉरवर्ड केली.’
‘त्याचा व्हिडिओ व्हायरल झाला.’
‘तिने नवे स्टेटस ठेवले.’
‘फोटो ग्रुपवर टाक.’

ही वाक्ये तुम्हांला सहज समजली. पण १९९० साली शाळेत असलेल्या मुलाला ती मुळीच समजली नसती. ‘व्हायरल’ हा शब्द तेव्हा डॉक्टर तापाविषयी बोलताना वापरत. ‘स्टेटस’ म्हणजे समाजातील प्रतिष्ठा. ती कोणी ‘ठेवत’ नसे. शब्द तेच राहिले; अर्थ मात्र बदलले.

काही लोक अशी वाक्ये ऐकून म्हणतात, “भाषा बिघडली!” काही म्हणतात, “भाषा पुढे गेली!” या दोघांपैकी खरे कोणाचे? आपण थोडे खोलात जाऊन पाहू या.

वरच्या वाक्यांतील क्रियापदे पाहा. केली, झाला, ठेवले, टाक. ही सर्व मराठी आहेत. ‘ग्रुपवर’ या शब्दातील ‘वर’ मराठी आहे. शब्द पाहुणे आहेत, पण घराचे खांब आणि तुळया मराठीच्याच आहेत. पाहुण्या नामाला ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडले की तो शब्द घरात कामाला लागतो.

ही पद्धत नवी नाही. शेकडो वर्षांपूर्वी दख्खनमधील राज्यकारभारात फारसी भाषा वापरली जाई. त्या काळी फारसी आणि अरबी भाषांतील पुष्कळ शब्द मराठीत आले. माफ करणे, कबूल करणे, जाहीर करणे, तयार करणे, हजर होणे हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. उर्दूतील ‘माफ़ करना’ आणि ‘हाज़िर होना’ तुमच्या ओठांवर आहेतच. मराठीने ते शब्द घेतले आणि पुढे आपले ‘करणे’ जोडले. ‘कबूल करणे’ ज्या वाटेने आले, त्याच वाटेने आज ‘फॉरवर्ड करणे’ आले आहे.

मराठीतील असे फारसी शब्द माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी गोळा केले आणि १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. मराठी वाचक त्यांना ‘माधव जूलियन’ या नावाने कवी म्हणून ओळखतात. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि मराठीत गझल रुजवण्याचे मोठे कामही त्यांनी केले. ही देवाणघेवाण एकाच बाजूने झाली नाही. दख्खनी उर्दूत ‘नक्को’ म्हणतात ना? ते मराठीचे ‘नको’ आहे.

मात्र शब्द नव्या घरी आला की तो तसाच राहतो असे नाही. उर्दूत ‘मुलाक़ात’ म्हणजे भेट. मराठीत ‘मुलाखत’ म्हणजे प्रश्न विचारून घेतलेली माहिती. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत कुस्तीची जागा म्हणजे तालीम आणि नाटकाचा सराव म्हणजेही तालीम. उर्दूत ‘दफ़्तर’ म्हणजे कार्यालय. मराठीत ‘दप्तर’ रोज तुमच्या पाठीवर असते! जुने शब्द असे बदलले, तसेच ‘स्टेटस’ आणि ‘व्हायरल’ आज बदलले. फरक वेगाचा आहे. पूर्वी शब्दाला गावोगावी पोहोचण्यास पिढ्या लागत. आज एखादा शब्द सकाळी एका शहरात निघतो आणि रात्रीपर्यंत हजारो फोनवर पोहोचतो.

नव्या शब्दाला मराठीत आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती म्हणजे लिंगाची. उर्दूत मुज़क्कर आणि मुअन्नस अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. म्हणून मराठीत मेसेज ‘आला’, लिंक ‘पाठवली’ आणि अकाउंट ‘उघडले’. उर्दूत अकाउंट ‘खोला’ जातो. मराठीत ते नपुंसकलिंगी ठरले. हे कोणत्याही समितीने ठरवले नाही. बोलणाऱ्या लोकांच्या कानांनी ठरवले. काही शब्दांचा निकाल अजून लागलेला नाही. कोणी ‘रील बनवली’ म्हणतो, तर कोणी ‘रील बनवले’.

लोक नवे शब्द घडवतातही. ‘कॉम्प्युटर’साठी ‘संगणक’ हा शब्द घडवला गेला आणि तो शाळाशाळांत पोहोचला. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्दही चांगला आहे, पण तो अर्जावरच अधिक दिसतो. बोलताना सगळे ‘मोबाइल’ किंवा नुसते ‘फोन’ म्हणतात. पुढे ढकललेल्या संदेशाला कोणी गमतीने ‘ढकलपत्र’ म्हटले. व्हॉट्सॲपला ‘कायप्पा’ असे विनोदी नावही मिळाले. यांतील कोणता शब्द टिकेल, हे शेवटी बोलणारेच ठरवतात. त्या बोलणाऱ्यांत तुम्हीही आहात.

आता लिहिण्याकडे वळू. आजची मुले फार तोडून लिहितात, अशी मोठ्यांची तक्रार असते. वाढदिवसाच्या शुभेच्छा ‘एचबीडी’ या तीन इंग्रजी अक्षरांत उरकतात. पण शब्द तोडण्याची सवय जुनीच आहे. मराठी पत्राच्या सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ असे लिहीत. त्याचा अर्थ ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. लहानांच्या नावापुढे ‘चि.’ म्हणजे चिरंजीव लिहीत. पत्र संपल्यावर काही आठवले तर खाली ‘ता. क.’ लिहून ते जोडत. ‘ता. क.’ म्हणजे काय, ठाऊक आहे? ‘ताजा कलम’! हे दोन्ही शब्द तुमच्या उर्दूतही आहेत.

पुढे तार आली. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत. म्हणून चार ओळींची बातमी चार शब्दांत बसवावी लागे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोपर्यंत मोबाइलवरील लघुसंदेश, म्हणजे एसएमएस, घरोघरी पोहोचला होता. जगातील पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. भारतात मोबाइल फोनवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाले.

या एसएमएसमध्ये एक अडचण होती आणि तिने आपल्या लेखनाला मोठे वळण दिले. एका संदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत. देवनागरी किंवा उर्दू लिपीत लिहिले तर मात्र ७०च मावत. देवनागरीतील काना, मात्रा आणि वेलांटी यांचीही वेगळी गणती होई. मजकूर वाढला की एकाचे दोन संदेश होत आणि दोन्हींचे पैसे पडत. शिवाय सुरुवातीच्या पुष्कळ फोनवर देवनागरी अक्षरे उमटतच नसत. उर्दूची अडचण त्याहून मोठी होती. नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांत गुंफून तिरकी खाली उतरतात. ती यंत्रावर आणणे अवघड होते. म्हणून अनेक फोनवर आणि संगणकांवर उर्दू मजकूर नस्ख वळणात दिसे. अशा वेळी लोकांनी सोपा मार्ग धरला. भाषा मराठी किंवा उर्दू, पण अक्षरे इंग्रजीची! यालाच रोमन मराठी किंवा रोमन उर्दू म्हणतात.

त्या वेळी तो उपाय योग्यच होता. आज ती अडचण उरलेली नाही. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ ही पद्धत १९९१ साली आली. तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी आणि अरबी या लिप्या होत्या. आजच्या साध्या स्मार्टफोनमध्येही मराठीचा आणि उर्दूचा कळफलक मिळतो. बोललेले शब्द लिहून देण्याची सोयही मिळते. अडचण गेली, पण सवय राहिली.

या सवयीने काय बिघडते? एक उदाहरण घ्या. रोमन लिपीत ‘एम, ए, एल, ए’ ही चार अक्षरे लिहा. आता वाचा. ‘मला’ की ‘मळा’? ‘माळा’ की ‘माला’? मला म्हणजे ‘मुझे’. मळा म्हणजे बागायती शेत. माळा म्हणजे घराच्या छताखालची सामान ठेवण्याची जागा. माला म्हणजे हार. देवनागरीत हे चार वेगळे शब्द आहेत. रोमनमध्ये चौघांचा चेहरा एकच होतो. ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ हे फरक रोमन मराठीत बहुधा पुसले जातात. मराठी शिकणाऱ्याला हेच फरक कठीण वाटतात. ते डोळ्यांना दिसले नाहीत, तर जिभेवर कसे येणार?

उर्दूतही तेच घडते. ऐनने लिहिलेला ‘आम’ म्हणजे सामान्य आणि अलिफने लिहिलेला ‘आम’ म्हणजे आंबा. ज़ोयने लिहिलेली ‘नज़र’ म्हणजे दृष्टी आणि ज़ालने लिहिलेली ‘नज़्र’ म्हणजे भेट. रोमन अक्षरांत ऐन आणि अलिफ यांचा फरक राहत नाही. ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय यांचाही राहत नाही. देवनागरीतही तो पूर्ण दाखवता येत नाही. प्रत्येक लिपी आपल्या भाषेच्या खुणा जपते. उर्दूच्या खुणा उर्दू लिपीत आहेत आणि मराठीच्या देवनागरीत.

तुम्ही म्हणाल, “वाचणाऱ्याला संदर्भावरून कळते. मग लिपी गेली तर काय झाले?” याचे उत्तर मराठीच्याच इतिहासात आहे. पूर्वी मराठीचे हाताने केलेले लेखन बहुतेक मोडी लिपीत होत असे. हिशेब, पत्रे, जमिनीचे कागद आणि सरकारी हुकूम मोडीतच लिहिले जात. ही लिपी झरझर लिहिता येत असे. पुढे छापखाने आले. छपाईसाठी देवनागरी सोयीची ठरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून जवळजवळ गेली. साधन बदलले आणि लिपी मागे पडली.

आज पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातील लक्षावधी मोडी कागद आहेत. भाषा मराठी आहे, पण मराठी जाणणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येत नाहीत. त्यासाठी मोडीचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. घरातील जुन्या पेटीत पणजोबांचे पत्र सापडते आणि घरातील एकालाही ते वाचता येत नाही. २०१४ साली युनिकोडने मोडीलाही आपल्यात जागा दिली. अक्षरांना यंत्रात जागा मिळाली, पण ती वाचणारे डोळे थोडेच उरले आहेत.

आता तुमच्या घराचा विचार करा. दादी किंवा नानी यांनी उर्दूत लिहिलेले एखादे पत्र, एखादी वही, पाककृतींचा कागद घरात असेल. आज तुम्हांला तो वाचता येतो. रोज फक्त रोमन लिपीत लिहिण्याची सवय जडली, तर तुमच्या लहान भावंडांना तो वाचता येईल का? नोकरीचा अर्ज, दुकानाची पाटी, तलाठी कार्यालयातील कागद हे महाराष्ट्रात अनेकदा देवनागरीत असते. शाळेत मिळवलेले हे अक्षर हातातून गेले, तर उद्या स्वतःचाच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल.

लिपीइतकीच आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे. ती म्हणजे नात्याची बूज. समोरासमोर बोलताना आपला चेहरा आणि आवाज मदतीला असतात. संदेशात ते नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी लोक लहान चित्रे वापरतात. त्यांना ‘इमोजी’ म्हणतात. हा जपानी शब्द आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१५ साली ‘वर्षाचा शब्द’ म्हणून शब्द न निवडता आनंदाश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्याचे चित्र निवडले! चित्राने हसू दाखवता येते. पण आदर दाखवायला शब्द लागतात.

वर्गशिक्षकांना ‘सर, कधी येणार?’ असे लिहिणे आणि ‘सर, आपण कधी येणार आहात?’ असे लिहिणे यांत फरक आहे. दुसरे वाक्य लिहायला काही क्षणच अधिक लागतात. उर्दूत तू, तुम आणि आप आहेत. मराठीत तू, तुम्ही आणि आपण आहेत. मित्राला ‘काय रे, आलास का?’ लिहा. त्यात प्रेम आहे. चाचांना मात्र तसे लिहू नका. कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर तीन इंग्रजी अक्षरे पाठवून मोकळे होऊ नका. स्वतःच्या भाषेत दोन वाक्ये लिहा. दुःखातल्या माणसाला ती दोन वाक्ये आठवत राहतील.

तर मित्रांनो, सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता तुमच्या लक्षात आले असेल. नवे शब्द आल्यामुळे भाषा बिघडत नाही. मराठीने आणि उर्दूने आजवर असंख्य शब्द पचवले आहेत. ‘फॉरवर्ड’ आणि ‘व्हायरल’ही त्या पचवतील, किंवा काही वर्षांनी विसरून जातील. त्याची भीती नको. मात्र अक्षरे लिहिण्याची सवय गेली, तर त्या अक्षरांत साठवलेले सारे आपल्याला परके होते. म्हणून नवे शब्द खुशाल वापरा, पण दिवसातून निदान एक संदेश देवनागरीत लिहा आणि एक उर्दू लिपीत लिहा. फोन तोच आहे, बोटेही तीच आहेत. फक्त कळफलक बदलायचा आहे.

शब्दार्थ

समाजमाध्यमे – लोकांना एकमेकांशी जोडणारी इंटरनेटवरील साधने
रुजणे – मूळ धरणे
तुळई – छताला आधार देणारे आडवे लाकूड
देवाणघेवाण – देणे आणि घेणे, लेन-देन
मजकूर – लिहिलेली माहिती
कळफलक – अक्षरांच्या कळांची पाटी, कीबोर्ड
पुराभिलेखागार – जुनी सरकारी कागदपत्रे जपून ठेवण्याची जागा
बूज राखणे – मान ठेवणे, कदर करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘फार्शी-मराठी कोश’ कोणी तयार केला?
(आ) ‘ता. क.’ म्हणजे काय?
(इ) देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये किती अक्षरे मावत?
(ई) दख्खनी उर्दूतील ‘नक्को’ हा शब्द कोणत्या भाषेतून आला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोक मराठी व उर्दू रोमन लिपीत का लिहू लागले?
(आ) मोडी लिपी मागे पडल्यामुळे आज कोणती अडचण येते?
(इ) ‘पाहुणा शब्द मराठी घरात कामाला लागतो,’ हे दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

प्र. ३. पुढील शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.
(अ) तालीम (आ) दफ़्तर / दप्तर (इ) मुलाक़ात / मुलाखत

प्र. ४. कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा.
(अ) काल मला तुझा मेसेज ______. (मिळणे)
(आ) ताईने ग्रुपवर लिंक ______. (पाठवणे)
(इ) अब्बांनी बँकेत नवे अकाउंट ______. (उघडणे)

प्र. ५. पुढील संदेश शिक्षकांना शोभेल असा पुन्हा लिहा.
‘सर, उद्या येत नाही. ताप आहे.’

उपक्रम
(१) घरातील मोठ्या माणसांकडून एखादे जुने पत्र मिळवा. ते त्यांना वाचून दाखवा आणि त्याचा सारांश मराठीत लिहा.
(२) आठ दिवसांत तुम्ही ऐकलेले पाच नवे शब्द लिहा. प्रत्येक शब्द मराठीत कोणत्या लिंगात वापरतात, ते वर्गात चर्चा करून ठरवा.